अध्यक्ष आत आहेत

न्हाणीघराच्या कडीची मूठ तुटून हातात आली तेव्हा नगराध्यक्ष अंग पुसून, टॉवेल गुंडाळून बाहेर यायच्या बेतात होते. त्यांनी मूठ उलटीसुलटी करून पाहिली, परत जागेवर बसवून पाहिली, मग दारावर थाप मारली.

"अगं, कडी अडकली!"

बाहेर त्यांची बायको चादर पिळत होती. तिने पीळ काही अर्धवट सोडला नाही.

"अडकणारच. कधीपासून सांगतेय, सुताराला बोलवा म्हणून."

"मी बघतो म्हणालो होतो ना?"

"मग बघा आता. आत निवांत आहे. मध्ये कुणी येणार नाही."

गावात तिला सगळे अध्यक्षीणबाई म्हणत. हा मान तिला नवऱ्याच्या खुर्चीबरोबर मिळाला आणि त्या खुर्चीचा रागही तेव्हापासूनच तिच्या पोटात होता. माणूस वाईट नव्हता. पण कुठलंही काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. घरात साखरेचा डबा कुठल्या फळीवर ठेवायचा हे ते ठरवत आणि गावात कुठल्या खांबावरचा दिवा कधी लावायचा हेही तेच ठरवत. मधल्या मध्ये साखरेला मुंग्या लागत आणि गावात अंधार पडे.

नगरपालिकेची सगळी कुलपं त्यांनी स्वतः निवडून आणली होती. सगळ्या किल्ल्यांचा एक भलामोठा जुडगा करून ते तो जवळ बाळगत. जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशीखाली आणि अंघोळीच्या वेळी न्हाणीघरातल्या खुंटीवर. अध्यक्ष नसतील तेव्हा संकटसमयी त्यांनी आपले अधिकार कुणाकडे तरी सोपवावेत, असा नियम होता. पण अध्यक्ष म्हणायचे, "मी नाही, असं होतंच कधी?"

झालं होतं एकदा. ते एका लग्नाला परगावी गेले, जुडगा बरोबर घेऊन. मागे पाण्याचा मोठा नळ फुटला आणि शाळेत पाणी शिरायला लागलं. शिपायाने कुलूप फोडून पाणी बंद केलं. अध्यक्ष परत आले आणि त्यांनी त्या शिपायालाच घरी बसवलं. "शाळा वाचली हे कबूल," ते म्हणाले, "पण कुणाला विचारून वाचवली?" त्या दिवसापासून गावात कुणी कुणाला न विचारता काही वाचवत नसे.

बाईंनी चादर वाळत टाकली, हात पुसले आणि सुताराला फोन लावला. फोन वाजतोय तोच सुतार अंगणात हजर. बरोबर नगरपालिकेचा हेडक्लार्क. दोघांच्या छातीचे भाते झालेले आणि सुताराच्या खांद्यावर हत्यारांची नेहमीची पिशवी, पण पायात चपला नाहीत.

"अरे वा, दार काढायला एवढी घाई?" बाई म्हणाल्या.

"कसलं दार वहिनी? साहेब कुठायत? टाकी फुटतेय!"

गावाची पाण्याची टाकी खांबांवर उभी होती आणि तिच्या पायाशी नगरपालिकेच्या बैठ्या घरांची चाळ होती. सकाळी टाकीला वरपासून पोटापर्यंत तडा गेला होता आणि त्यातून पाण्याची धार चाळीच्या पत्र्यांवर पडत होती. सुताराचं घर अगदी धारेखाली. घरात त्याची म्हातारी आई, दोन्ही पाय गेलेली, खाटेवर पडून.

"मग आईला उचलून आण की! इथे काय उभा राहिलास?"

"उचलायला गेलो वहिनी. येत नाही. म्हणते, साहेबांनी सांगितल्याशिवाय घर सोडलं की घर जातं. मागे शेजारचा नाही का, भिंत हलली म्हणून पाहुण्याकडे जाऊन राहिला? साहेबांनी रिकामं घर म्हणून ते दुसऱ्याला दिलं. चाळीतलं एक माणूस हलायला तयार नाही."

"आणि टाकी?"

"टाकी रिकामी करायचा वॉल्व्ह खड्ड्यात आहे," क्लार्क म्हणाला. "खड्ड्यावर लोखंडी झाकण. झाकणाला कुलूप."

तिघांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"किल्ली आत आहे," बाई म्हणाल्या. "आणि साहेबही."

क्लार्क दारापुढे गेला. सवयीने त्याने गळ्याचं बटण लावलं आणि ताठ उभा राहिला.

"साहेब, मी हेडक्लार्क. टाकीला तडा गेलाय साहेब."

"केवढा?" आतून आवाज आला.

"मोठा आहे साहेब."

"मोठा म्हणजे? मोजलास?"

"नाही साहेब. मोजायचा टेप आपल्या कपाटात असतो. आणि कपाटाची किल्ली…"

"हं. मग कुणी काही करायचं नाही. मी स्वतः येऊन बघतो. त्या सुताराला म्हणावं, दार काढ."

सुताराने पिशवीतून छिन्नी काढली, बिजागरीवर टेकवली आणि हातोडी उगारली. तेवढ्यात बाईंनी त्याचा हात धरला. त्यांना एक गोष्ट विचारायची होती.

"अहो, बाहेर आलात की आधी काय करणार?"

"आधी कपडे करीन."

"मग?"

"मग जाऊन पाहणी करीन. असं ऐकीव गोष्टीवर टाकी रिकामी करता येते काय? गाव पाण्यावाचून बसेल, शिव्या मलाच देईल. पाहणी केली की बैठक बोलावीन. बैठकीत ठरलं, की इंजिनियरला जिल्ह्याहून बोलावून घेऊ. तो आला, की त्याच्याबरोबर परत पाहणी."

"आणि चाळीतल्यांचं काय?"

"त्यांना घाबरू नका म्हणावं. मी आहे ना!"

बाईंच्या पोटात जो राग इतकी वर्षं मंद आचेवर होता, तो आता उतू गेला. त्यांनी सुताराच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"बस तिकडे ओट्यावर. दार उघडायचं नाही."

"वहिनी, माझी आई…"

"तुझ्या आईसाठीच सांगतेय. हे बाहेर आले की सगळंच अडलं. त्यापेक्षा आत आहेत तेच बरं. किल्ल्या बाहेर येऊ देत, मग माणूस येईल." त्या दाराकडे वळल्या. "ऐकलंत का? किल्ल्या झरोक्यातून बाहेर टाका. आणि अधिकार द्या उपाध्यक्षांना."

आत ठिबकता नळ करकचून पिळल्याचा आवाज आला.

"तुला वेड लागलंय काय? त्या शिंप्याला?"

उपाध्यक्ष पेशाने शिंपी होते. सभेत त्यांनी आजवर तोंड उघडलं नव्हतं, नुसती मान डोलावली होती. त्यांची निवडही त्याच गुणावर झाली होती. क्लार्कने फोन केल्यावर ते शिवणयंत्रावरून उठून तसेच आले. गळ्यात टेप लोंबत होता आणि ओठांत दोन टाचण्या.

"काय झालं?" त्यांनी टाचण्या काढून विचारलं. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा फडक्यासारखा पांढरा पडला. "साहेब आहेत ना पण?"

"आत आहेत."

"मग झालं तर! साहेब असताना मी कोण?"

"हेच!" आतून अध्यक्ष गरजले. "यालाच समजूतदार माणूस म्हणतात! एकदा किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली की मागोमाग खुर्ची जाते. सुतारा, दार काढ! नाहीतर तुझं घर उद्या…"

"उद्यापर्यंत राहिलं तर पाहिजे ना साहेब," सुतार म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, पण हाताच्या मुठी आवळलेल्या होत्या. "आई म्हणते, पाण्याचा आवाज ऐकून झोप चांगली लागतेय. तिला ठाऊकच नाही साहेब, डोक्यावर काय आहे ते."

"तुझ्या आईला मी स्वतः भेटीन!"

बाईंनी आणखी काही ऐकून घेतलं नाही. न्हाणीघराच्या दाराला बाहेरूनही एक कडी होती. ती त्यांनी खाडकन लावली.

"आता आतली निघाली तरी बाहेरची माझी आहे. आणि एक सांगते. पुढच्या दाराशी माणसं जमायला लागलीत, अध्यक्ष कुठायत विचारतायत. त्यांना बोलावू का इकडे? झरोका उघडाच आहे. येऊ देत आणि बघू देत आपले अध्यक्ष."

"अगं, मी टॉवेलवर आहे!"

"तेच म्हणतेय मी."

आत बरीच धुसफुस झाली. बादलीला लाथ बसल्याचा आवाज आला, पाठोपाठ "आई गं!" आणि मग झरोक्यातून एक ओला हात बाहेर आला. त्या हातात जुडगा होता, पण हात तो सोडीना. बाई स्टुलावर चढल्या आणि एकेक बोट उलगडून त्यांनी तो सोडवला.

"तोंडानेही म्हणा. क्लार्क साक्षीला आहे."

"मी…" अध्यक्षांना शब्द जड जात होते. "मी बाहेर येईपर्यंत माझे सगळे अधिकार उपाध्यक्षांना. झालं समाधान? आता उघड दार!"

बाईंनी जुडगा शिंप्यापुढे धरला. शिंपी दोन पावलं मागे सरले.

"वहिनी, मला नको. माझं काही चुकलं तर? क्लार्कसाहेब जुने जाणते आहेत, त्यांना द्या."

"मी नोकर माणूस," क्लार्क झटकन म्हणाला. "माझी पेन्शन जवळ आलीय."

आता मात्र बाईंचा आवाज पुढच्या दारापर्यंत गेला. "शिंपीभावजी, लोकांनी तुम्हाला निवडून दिलं ते मान डोलवायला? मान डोलवायला बैल काय कमी आहेत? तुमचा एक कपडा कधी उलटा शिवलेला पाहिला नाही मी. तिथे कापड कापताना कुणाला विचारता? एकदा कापलं की जोडता येत नाही, तरी कापताच ना? मग चला! आणि चुकलं तर माझं नाव सांगा. म्हणावं, त्या भांडखोर बाईने करायला लावलं."

शिंप्यांनी जुडगा घेतला. तो इतका जड होता की त्यांचा खांदा एका बाजूला झुकला. मग ते, सुतार आणि क्लार्क पळत सुटले.

"गेले का?" अध्यक्षांनी विचारलं. "आता काढ मला."

"कसं काढू? तुम्ही बाहेर आलात की अधिकार परत तुमच्याकडे. आत्ताच बोललात. अजून ती माणसं वाटेतच असतील."

"म्हणजे मी इथेच?"

"दुसरा टॉवेल आहे तिथे. थंडी वाजली तर घ्या."

मग अध्यक्षांनी आतूनच गाव चालवायला घेतलं. "त्याला म्हणावं, वॉल्व्ह उजवीकडे फिरव! नाही, डावीकडे! की उजवीकडेच?"

"तुम्हाला माहीत नाही ना?"

"मी जाऊन बघितल्याशिवाय कसं सांगू?"

बाई ओट्यावर बसून होत्या. तोंडाने नवऱ्याशी भांडत होत्या, पण कान दूर टाकीकडे लागलेले. एवढ्या जुडग्यात शिंप्याला नेमकी किल्ली सापडली असेल का? झाकण गंजलं असेल का? त्या खाटेवरच्या म्हातारीला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, पण तिची झोप त्यांच्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती. रागाचं एक बरं असतं, तो असला की माणसाची भीती कुणाला दिसत नाही.

तेवढ्यात न्हाणीघरातून ओरड आली. "अगं! नळाचं पाणी गेलं! नुसती हवा फुसफुसतेय!"

बाईंनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. वॉल्व्ह उघडला होता. टाकी नाल्यात रिकामी होत होती.

थोड्या वेळाने अंगणात गडबड झाली. बाई बाहेर आल्या, तर सुतार आणि आणखी तिघे एक खाट खांद्यावर घेऊन फाटकातून आत येत होते. खाटेवर म्हातारी, डोक्यावर छत्री धरून. मागे सगळी चाळ. पोरं, भांडी, गाठोडी, पिंजऱ्यातला पोपट.

"उपाध्यक्ष म्हणाले, जवळचं पक्कं घर हेच," सुतार म्हणाला. "ज्याने त्याने आपल्या दाराला आपलं कुलूप लावा, किल्ली आपल्या खिशात ठेवा, घर कुणाचं जाणार नाही, हा माझा शब्द, असं म्हणाले. मग आई पण निघाली. वहिनी, चालेल ना?"

"न चालायला काय झालं? आत घ्या. आजींना आमच्या खोलीत, पलंगावर. बायका तिथेच, पुरुष पडवीत."

"बाहेर कोण आलंय?" न्हाणीघरातून विचारणा झाली.

"गाव."

म्हातारीला पलंगावर टेकवून होतंय तोच दूरवर धडाम आवाज झाला. खिडक्यांची तावदानं हलली, पोपट किंचाळला. मागोमाग क्लार्क धावत आला. त्याच्या गळ्याचं बटण केव्हाच तुटलं होतं.

"टाकीचा कडेचा तुकडा पडला. पाणी निम्म्याखाली गेलं होतं म्हणून बाकीची उभी राहिली. माणूस एकही नव्हतं खाली." त्याने सुताराकडे पाहिलं. "तुझ्या घरावर पडला रे. जिथे खाट होती ना, तिथेच."

सुतार मटकन खाली बसला. बाई न्हाणीघराच्या दारापाशी गेल्या आणि जे ऐकलं तेच सांगितलं, एकही टोमणा न जोडता.

"म्हातारी?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपल्या पलंगावर आहे."

सुतारच उठला. डोळे पुसून त्याने छिन्नी घेतली. बाईंनी बाहेरची कडी काढली, त्याने बिजागऱ्या सोडवल्या आणि दार उचलून बाजूला ठेवलं. आत नगराध्यक्ष दोन टॉवेलांत उभे होते. एक कमरेला, एक खांद्यावर. ते कुणाकडेही न पाहता तरातरा खोलीकडे गेले, कारण कपड्यांचं कपाट तिथे होतं. दार आतून लोटलेलं. त्यांनी वाजवलं.

"कोण आहे?" म्हातारीचा खणखणीत आवाज. "इथं बायका आहेत!"

"मी आहे. अध्यक्ष."

"चल, थापा मारू नकोस! अध्यक्ष मघाशी घरी येऊन भेटला मला. किडकिडीत माणूस, गळ्यात टेप होता. जा पलीकडे!"

पडवीतले पुरुष छताकडे बघू लागले. एका सफाई कामगाराला त्यांची दया आली. त्याने गाठोड्यातून आपला जादा खाकी शर्ट आणि पँट काढून दिली. पँट आखूड होती, शर्टाला खांद्यावर ठिगळ होतं, पण टॉवेलापेक्षा बरं. अध्यक्षांनी कपडे चढवले आणि मोठा श्वास घेऊन ते सगळ्यांना खडसवायला म्हणून फाटकाबाहेर आले.

बाहेर पाण्याचा टँकर लागला होता. शिंप्यांनी शेजारच्या गावाला फोन करून तो मागवून घेतला होता. टँकरपाशी ही रांग लागलेली आणि रांगेवर चाळीतली एक दणकट बाई देखरेख करत होती. तिला पुढ्यात खाकी कपड्यातला रिकाम्या हाताचा माणूस दिसला.

"ए भाऊ! नुसता उभा काय राहिलास? पोरंबाळं तहानलीत. या भर आणि आत नेऊन ओत!" आणि तिने दोन बादल्या त्यांच्या हातात कोंबल्या.

अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. "तुला माहितेय मी कोण…"

"रांग मोडू नकोस!" मागून दहा जण ओरडले. मागच्यांनी ढकललं, पुढच्यांनी ओढलं आणि बादल्या भरल्याही गेल्या. भरलेल्या बादल्या खाली ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष त्या घेऊन चालू लागले, दर पावलाला पाणी पायावर सांडत, तोंडाने सगळ्या गावाचा उद्धार करत.

फाटकात त्यांना क्लार्कने गाठलं. जुन्या सवयीने तो आधी त्यांच्याकडेच आला.

"साहेब, बाजारातली मंडळी भांडतायत. दुसरा टँकर आला तर आधी बाजारात पाठवायचा की दवाखान्यात? काय सांगू?"

"थांब. मी स्वतः जाऊन…" अध्यक्ष बोलू लागले आणि अडले. उजवी बादली कलली होती, डावीची कडी बोटात रुतली होती, मागून ती बाई "चला, चला पुढे!" करत होती आणि आतून पोरं रडत होती.

"मला काय विचारतोस?" ते क्लार्कवर खेकसले. "डोळे फुटले काय? हात मोकळे दिसतायत माझे? त्या शिंप्याला विचार!"

क्लार्क पळाला. टँकरच्या पलीकडून शिंप्यांचा आवाज ऐकू आला, "दवाखान्यात आधी." त्यांनी कुणाकडे वळूनही पाहिलं नाही.

अध्यक्षीणबाई पायरीवर उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. नवऱ्याला एखादा चांगला शब्द बोलावा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण इतक्या वर्षांचा राग, तो काय एक वॉल्व्ह फिरवला की निचरून जातो?

"सांडू नका," त्या म्हणाल्या. "ओता आणि लगेच परत जा. अजून बरीच माणसं तहानलेली आहेत."